कोरियन युद्धावरच्या मालिकांतल्या बंदुका कितपत खऱ्या असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोरियन युद्धावरची एक मालिका तुम्ही पाहताय. त्यात उत्तरेच्या जवळजवळ प्रत्येक सैनिकाकडे गोल डब्याची बंदूक आहे आणि दक्षिणेच्या पोरांकडे लांब लाकडी रायफली. या रायफली रिकाम्या झाल्या की 'टिंग' असा आवाज होतो आणि तो ऐकून शत्रू खंदकावर धावून येतो. पुढच्या भागांत चिनी सैन्य एके-४७ घेऊन उतरतं. यातलं खरं किती?

मी २२ वर्षं लष्करात आर्मरर होतो. पलटणीची हत्यारं उघडायची, तपासायची, झिजलेला भाग बदलायचा आणि ती पुन्हा कोतात, म्हणजे शस्त्रागारात, लावायची, हे माझं काम. एसएलआर रायफल, ब्रेन म्हणजे आमची एलएमजी (हलकी मशीनगन), स्टेनच्या घराण्यातली कार्बाइन आणि शेवटी इन्सास रायफल, एवढ्यांवर माझे हात काळे झाले. कोरियन युद्धातली बरीचशी हत्यारं माझ्या आधीच्या पिढीची. त्यांतली काही आमच्या प्रशिक्षणातल्या नमुन्यांत ठेवलेली होती आणि ब्रेन तर अनेक वर्षं माझ्या टेबलावर होती.

आधी सरळ उत्तर देतो. बंदूक कोणती, हे या मालिका-चित्रपटांत बहुतेक वेळा बरोबर असतं. चुकतं ते तिचं वजन, तिच्यात मावणाऱ्या गोळ्या आणि तिला धरणारे हात. म्हणून मी पडद्यावर बंदुकीआधी बोटं पाहतो.

दक्षिणेच्या लांब रायफलीपासून सुरुवात करू. ती अमेरिकन एम-१ गॅरंड. युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झालं तेव्हा दक्षिण कोरियाच्या सैन्याकडे मुख्यतः हीच रायफल आणि तिच्याबरोबर हलकी एम-१ कार्बाइन होती. जपान्यांनी मागे टाकलेल्या जुन्या रायफलीही काही ठिकाणी, विशेषतः पोलिसांकडे, होत्या. कोरियन निर्माते गॅरंडच्या बाबतीत सहसा चुकत नाहीत, कारण ही रायफल त्या देशातून गेलीच नाही. युद्धानंतर कित्येक दशकं गॅरंड आणि कार्बाइन तिथल्या राखीव दलांकडे होत्या. २०१० च्या सुमाराला कोरियाने आपल्या साठ्यातल्या ८० हजारांहून जास्त गॅरंड अमेरिकेतल्या संग्राहकांना विकायचं मनावर घेतलं होतं. तिथे प्रत्येक तरुणाला लष्करात जावं लागतं आणि नंतर राखीव दलाचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. ही जुनी हत्यारं स्वतः खांद्यावर वाहिलेले पुरुष आजही तिथे घराघरांत आहेत. अशा प्रेक्षकासमोर चुकीची रायफल दाखवून चालत नाही.

तरीही पडद्यावरची गॅरंड मला लहान दिसते. कारण साधं आहे. ही रायफल जवळपास १.१ मीटर लांब आणि भरल्याशिवाय ४.३ किलोची. आजचे नट उंच, खांद्याने भरलेले. १९५० ची कोरियन पोरं अंगाने लहान, अर्धपोटी आणि त्यांतली कित्येक शाळेतून थेट आलेली. पोहांगच्या मुलींच्या शाळेत ११ ऑगस्ट १९५० रोजी ७१ विद्यार्थ्यांनी उत्तरेच्या सैन्याला तोंड दिलं, त्यांतले ४८ मारले गेले. अशा मुलाच्या हातात गॅरंड दिली की नळीचं तोंड खाली झुकतं, दस्ता खांद्याऐवजी दंडावर टेकतो आणि घोड्यापर्यंत बोट पोहोचवायला मनगट वाकडं होतं. नवीन भरती झालेल्या लहान चणीच्या पोरांचं एसएलआर धरताना हेच होताना मी पाहिलंय. एखाद्या दिग्दर्शकाने हे नेमकं टिपलं तर त्या माणसाने खरं काम केलंय असं मी म्हणेन.

आता ती रायफल भरायची कशी ते पाहा. गॅरंडमध्ये आठ गोळ्या पत्र्याच्या क्लिपसकट वरून दाबून बसवतात. क्लिप आत पूर्ण बसली की बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता लोखंडी भाग, स्वतःच पुढे झेपावतो. हाताची कड बोल्टच्या दांड्याला आडवी धरून अंगठा वेळेत काढावा लागतो, नाहीतर तो चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या जागेच्या, तोंडाशी चेंगरतो. शिकाऊ शिपायांच्या या दुखापतीला अमेरिकन सैन्यात 'एम-वन थंब' असं नावच पडलं होतं. ज्या नटाला एखाद्या जुन्या शिपायाने शिकवलंय त्याचा अंगठा ओळखू येतो, तो झटकन बाजूला होतो. ज्याला शिकवलेलं नाही तो क्लिप आत सरकवतो आणि कॅमेरा घाईने त्याच्या चेहऱ्यावर जातो.

मोजायचं असेल तर आठ मोजा. आठव्या गोळीबरोबरच रिकामी क्लिप उडते आणि बोल्ट मागे अडकून राहतो. तीन गोळ्या झाडून मधेच तीन भरणं या रायफलीत जवळपास अशक्य. उरलेल्या गोळ्या क्लिपसकट बाहेर काढून नवी क्लिप घालावी लागते. बरेच सैनिक त्यापेक्षा उरलेल्या गोळ्या झाडून मोकळे होत. कमरेच्या पट्ट्याला दहा खिसे, प्रत्येकात एक क्लिप, म्हणजे ८० गोळ्या. एवढ्यावर रात्रभर टेकडी धरायची. मालिकेतला नायक एका झटापटीत तीसेक गोळ्या सलग झाडतो तेव्हा माझा जीव खालीवर होतो. त्या पोरांची भीती रिकाम्या खिशांची होती आणि अशा दृश्यात नेमकी तीच गळून पडते.

'टिंग'बद्दल. आवाज खरा आहे, क्लिप उडताना होतोच. पण तो ऐकून शत्रू धावून येतो हे मला पटत नाही. फायरिंग रेंजवर आम्ही शेजारच्या माणसाशी ओरडून बोलायचो तरी शब्द कळायचा नाही. रायफलीच्या आवाजाने कान सुन्न होतात. खंदकासमोर शंभर मीटरवर उभ्या माणसाला, मॉर्टर आणि मशीनगन चालू असताना, पत्र्याच्या तुकड्याचा आवाज वेगळा ऐकू येणं फार कठीण. समजा आला, तरी रायफल रिकामी झालेला शिपाई खंदकात एकटा नसतो. त्याच्या बाजूच्या चारपाच जणांच्या रायफली भरलेल्या असतात आणि सरावलेला शिपाई दोन-तीन सेकंदांत नवी क्लिप घालतो. रात्री अगदी जवळून, एकास एक गाठ पडली तर त्या आवाजाचा उपयोग होऊ शकला असता, एवढं मी मान्य करतो.

आता गोल डब्याची बंदूक. ती सोव्हिएत पीपीएसएच-४१. उत्तर कोरियाने तिची स्वतःची आवृत्ती टाइप-४९ या नावाने बनवली, ती फक्त गोल डब्यावर चालायची. चिनी आवृत्ती टाइप-५०, ती वाकड्या लांबट मॅगझीनवर. म्हणजे डबा की मॅगझीन एवढ्यावरून पडद्यावरचा सैनिक कुठला हे पुष्कळदा सांगता येतं. उत्तर कोरियन आणि चिनी दोघांकडेही रशियातून आलेल्या मूळ बंदुका होत्याच, त्यामुळे हा नियम काटेकोर धरू नका. अमेरिकन शिपाई हिला ढेकर देणारी बंदूक म्हणत, तिच्या आवाजावरून. कोरियन माणसांनी तिला दिलेलं नाव मात्र मला फार आवडतं: 'त्ताबालचोंग'. डोक्यावर घागर घेताना बायका जी कापडाची किंवा गवताची गोल वळकटी ठेवतात, तिच्या बोलीतल्या नावावरून ते आलं. आपल्याकडची चुंबळच ती. चुंबळीची बंदूक. गावातल्या बाईने पहिल्यांदा तो डबा पाहिला आणि तिला रोजची वस्तू आठवली, हे त्या नावात दिसतं.

बंदूक खरी, तिची गर्दी मात्र खोटी. उत्तरेच्या सैन्यात बहुतेक शिपायांकडे मोसिन-नागां ही बोल्टची रायफल किंवा तिची आखूड कार्बाइन होती. पाच गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा. पीपीएसएच अधिकाऱ्यांकडे, तुकडीच्या म्होरक्यांकडे आणि काही खास टोळ्यांकडे. मालिकेत सगळ्यांकडे ती देतात, कारण ती ओळखू येते आणि पडदा आवाजाने भरते. शिवाय नटाला बोल्ट ओढायला शिकवावं लागत नाही.

इथे आर्मररच्या नजरेला दोन गोष्टी टोचतात. पहिली, ही बंदूक उघड्या बोल्टवर चालते. घोडा दाबण्याआधी बोल्ट मागे असतो, दाबल्यावर पुढे जाऊन गोळी उडवतो. बोल्टचा दांडा पुढे असताना नायकाने नेम धरला आणि गोळी सुटली, तर हातात नकली बंदूक आहे किंवा कोणीतरी लक्ष दिलेलं नाही. ब्रेन, अमेरिकन बीएआर ही ऑटोमॅटिक रायफल, उत्तरेची तव्यासारख्या डब्याची डीपी एलएमजी, सगळ्यांना हेच लागू. दुसरी गोष्ट डब्याची. ७१ गोळ्या, वेग मिनिटाला ९०० च्या आसपास. घोडा दाबून धरला तर पाच सेकंदांत डबा संपतो. पुन्हा भरायचा तर झाकण काढा, स्प्रिंग पिळून ताणा, गोळ्या एकेक उभ्या लावा, हात हलला आणि स्प्रिंग सुटली तर सगळं पुन्हा. थंडीत, बोटं बधिर असताना हे करायला किती मिनिटं लागत असतील याचा विचार करा. शिवाय एका बंदुकीचा डबा दुसरीत नीट बसेलच असं नसे. बसवताना कानशीने घासून जुळवावा लागे. स्टेनच्या मॅगझीनच्या ओठांशी मी अनेक वर्षं झगडलोय, त्यामुळे त्या अनोळखी आर्मररबद्दल मला आपुलकी वाटते. डबा भरणारा माणूस मी अजून एकाही मालिकेत पाहिलेला नाही.

युद्धाच्या पहिल्या आठवड्यांची गोष्ट असेल तर रणगाडे येतातच आणि इथे तारखेला फार महत्त्व आहे. दक्षिणेकडे एकही रणगाडा नव्हता. उत्तरेचे टी-३४ आले तेव्हा दक्षिणेच्या सैन्याकडे ६० मिलिमीटरचे, म्हणजे २.३६ इंची बझूका (खांद्यावरून रॉकेट मारायच्या नळ्या) आणि ५७ मिलिमीटरच्या तोफा होत्या. दोन्ही त्या चिलखतापुढे अपुऱ्या. ५ जुलै १९५० रोजी ओसानजवळ पहिली अमेरिकन तुकडी उभी राहिली, ५४० माणसं. एका लेफ्टनंटने जवळून, मागच्या बाजूने, २२ रॉकेटं मारली तरी फारसं काही झालं नाही. चिलखत फोडणारे तोफगोळे त्यांच्याकडे मोजून सहा होते. ३३ रणगाडे त्यांच्यामधून निघून गेले. मोठा ३.५ इंची बझूका जुलैच्या मध्याच्या सुमाराला आला आणि २० जुलैच्या सुमाराला देजॉनच्या रस्त्यांवर वापरला गेला. म्हणजे जूनमधल्या प्रसंगात कोणी जाडजूड, दोन तुकडे जोडून बनणारा बझूका खांद्यावर घेतला आणि एका फटक्यात टी-३४ पेटवला, तर ती साधी चूक नाही. दारूगोळ्याचं गाठोडं पोटाशी धरून रणगाड्याखाली शिरलेल्या दक्षिण कोरियन शिपायांची गरजच तिथे पुसली जाते.

आता चिनी सैन्य आणि एके-४७. हे चूक, आणि याबद्दल मला शंका नाही. सोव्हिएत सैन्याने ती रायफल १९४९ मध्ये स्वीकारली, पण सुरुवातीची वर्षं ती लपवून ठेवली. चीनने तिची आवृत्ती टाइप-५६ या नावाने काढली, नावातच १९५६ साल आहे. युद्धबंदी झाली २७ जुलै १९५३ रोजी. पडद्यावर दिसते ती बहुधा टाइप-५६ च असते. नेम धरायच्या पुढच्या मक्खीभोवती पूर्ण गोल कडं असेल तर नक्की तीच. जगभरच्या चित्रीकरणांत ती सहज मिळते, म्हणून येते. एसकेएस रायफलीचंही तेच. आणि खांद्यावरून रॉकेट मारणारा आरपीजी दिसला तर तोही नंतरचा.

खरं चित्र याहून कितीतरी पाहण्यासारखं होतं. ऑक्टोबर १९५० मध्ये यालू नदी ओलांडून आलेल्या चिनी तुकड्यांकडे जवळजवळ प्रत्येक देशाची हत्यारं होती. जपान्यांकडून घेतलेल्या अरिसाका, जर्मन माउझरच्या नमुन्यावर चीनमध्येच बनलेल्या रायफली, चीनच्या यादवीत हरलेल्या च्यांग काय-शेकच्या सैन्याकडून हिसकावलेल्या अमेरिकन थॉम्प्सन आणि गॅरंड. काहींच्या हाती फक्त दांड्याचे हातबॉम्ब, रायफल पुढच्या पडलेल्या माणसाची उचलायची. त्यांच्या पुरवठा करणाऱ्या माणसाची अवस्था मला डोळ्यांपुढे दिसते: ६.५, ७.७, ७.९२ मिलिमीटर, .४५ इंच, .३० इंच, एकाच पलटणीत पाच प्रकारची काडतुसं. चुकीची पेटी चुकीच्या टेकडीवर गेली की रायफल म्हणजे काठी. १९५१ पासून सोव्हिएत हत्यारं मोठ्या प्रमाणात आली आणि सारखेपणा येऊ लागला. मालिकेतले १९५० चे चिनी सैनिक एकसारख्या बंदुका घेऊन रांगेत पळताना दिसले तर ते वर्ष चुकलंय असं समजा.

यातली एक गोष्ट माझ्या फार जवळची आहे. चिन्यांच्या आवडत्या मशीनगनपैकी एक होती झेडबी-२६, चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची. तिच्याच घराण्यातून इंग्रजांनी ब्रेन घेतली. ब्रनो आणि एनफील्ड या दोन नावांची पहिली अक्षरं म्हणजे ब्रेन. एप्रिल १९५१ मध्ये इम्जिन नदीवर ब्रिटिश ग्लॉस्टर पलटण चिन्यांच्या लाटांपुढे उभी होती तेव्हा त्यांच्याकडे ब्रेन होत्या आणि त्याच लढाईत समोरच्यांकडे तिच्या चुलत बहिणी. पडद्यावर ओळखायच्या तर मॅगझीन पाहा, दोन्हींना ते वरून लागतं. झेडबीचं सरळ, २० गोळ्यांचं. ब्रेनचं केळ्यासारखं वाकलेलं, ३० गोळ्यांचं. आमच्याकडची एलएमजी ७.६२ च्या काडतुसासाठी बदललेली, तिचं मॅगझीन जवळपास सरळ. एखाद्या सेटवर सरळ मॅगझीनची ब्रेन ब्रिटिशांच्या हाती दिसली तर ती १९५१ ची नव्हे.

थंडीचे प्रसंग येतात तेव्हा मी सगळ्यात बारकाईने पाहतो, कारण लेहमध्ये मी दोन हिवाळे काढलेत. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात उत्तर कोरियातल्या जांगजिन जलाशयाजवळ पारा उणे ३० च्या आसपास आणि खालीही गेला होता. एवढ्या थंडीत साधं तेल मेणासारखं घट्ट होतं. बोल्ट हळू सरकतो, फायरिंग पिन हलका टोला देते, गोळी उडत नाही. उपाय म्हणजे तेल जवळजवळ पुसून टाकायचं किंवा थंडीसाठीचं पातळ तेल नुसतं बोटाने लावायचं. दुसरा धोका उबेचा. रायफल गरम बंकरमध्ये आणली की तिला घाम फुटतो. तीच बाहेर नेली की तो घाम आत गोठतो. म्हणून हत्यारं बाहेर थंडीतच ठेवायची, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो. मालिकेत सगळे शेकोटीशी रायफली मांडीवर घेऊन बसतात आणि हल्ला होताच त्या पहिल्या फटक्यात चालतात.

एम-२ कार्बाइन त्या थंडीत फार बदनाम झाली. ती बर्स्ट, म्हणजे एका दाबात सलग गोळ्या, मारायची, मॅगझीन ३० गोळ्यांचं, वजनाला हलकी, म्हणून सगळ्यांना हवीशी. पण गारठ्यात ती अडायची आणि गोळ्या चिन्यांच्या कापूस भरलेल्या कोटांत अडकतात अशी तक्रार पसरली. कार्बाइनच्या गोळीची ताकद गॅरंडच्या साधारण एक तृतीयांश, हे खरं. तरी कापसाच्या कोटाने ती अडली असेल असं मला वाटत नाही. रात्रीचा अंधार, थिजलेली बोटं आणि उडती नळी. बहुतेक गोळ्या लागल्याच नसतील. पाण्याने थंड राहणाऱ्या मशीनगनच्या आवरणात तर पाणी गोठू नये म्हणून वेगळं द्रावण घालावं लागे. त्या मशीनगनचा पाण्याचा डबा आणि त्याची नळी कुठल्या दृश्यात दिसली तर मला जरूर कळवा.

शेवटी सेटवरच्या बंदुकांबद्दल, कारण खोटेपणाचं मूळ तिथे आहे. कोरियात बंदुकांचे कायदे फार कडक आहेत. पडद्यावर ब्लँक झाडणाऱ्या बदललेल्या बंदुका, गॅसवर चालणाऱ्या नकला, रबराच्या प्रती आणि संगणकाने घातलेली आग असं सगळं मिसळलेलं असतं. ब्लँकमध्ये पुढे गोळी नसते, त्यामुळे नळीत दाब टिकत नाही आणि बंदूक स्वतः दुसरी गोळी घेत नाही. त्यासाठी नळीचं तोंड अरुंद करतात. एसएलआरला सरावात आम्हीही तसाच जोड लावायचो. पण धक्का बसत नाही तो नाहीच. गॅरंडच्या काडतुसाचा खरा धक्का खांदा मागे नेतो, गाल दस्त्यावरून उठतो, डोळा पुन्हा मक्खीवर आणायला क्षणभर जातो. पडद्यावर नट डोळ्याची पापणीही न हलवता आठ गोळ्या मारतो. गॅरंडची रिकामी काडतुसं उजवीकडे पुढच्या बाजूला उडतात, पीपीएसएचची वर. काडतुसं उडतच नसतील तर नक्कल. दिवसाउजेडी नळीतून हातभर ज्वाळा निघत असेल तर संगणक. झोपून झाडणाऱ्याच्या नळीपुढची माती मात्र उडायला हवी, आणि ती उडालेली दिसली की मला बरं वाटतं.

नायकाने बीएआर कमरेशी धरून पळत पळत झाडली तर क्षमा करा. ती जवळपास ९ किलोची आहे, दमदार माणूस थोडा वेळ तसं करू शकतो, गोळ्या फक्त २० असतात. ट्रायपॉडवरची .५० मशीनगन उचलून झाडली तर क्षमा नको. एम-६० आणि एम-१६ दिसल्या तर ते युद्धच वेगळं, व्हिएतनामचं.

तुमची मालिका युद्धबंदीच्या पुढे गेली तर आणखी एक गोष्ट शोधा. मायदेशी परतायला नकार दिलेल्या युद्धकैद्यांच्या राखणीला १९५३ मध्ये भारताचं दल गेलं होतं, त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या जमिनीवर भारतीय पाऊल पडू द्यायला नकार दिला, म्हणून जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. एकदा कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणाआड धरून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. त्या जवानांच्या खांद्यावर .३०३ ली-एनफील्ड होती. बोल्टची, दहा गोळ्यांची, नळीच्या टोकापर्यंत लाकूड असलेली आणि पुढे बोथट नाकाची. एखाद्या दिग्दर्शकाने त्यांच्या हातात गॅरंड दिली तर मला खरंच वाईट वाटेल.